एमआयसी ४ की ३२?

प्रिय,

जिवाणू मारणाऱ्या एकाच पेप्टाइडचा एमआयसी, म्हणजे जिवाणूंची वाढ रोखणारी किमान तीव्रता, एकदा मिलीलिटरला ४ आणि एकदा ३२ मायक्रोग्रॅम आला, यातला खरा कुठला, असं तू विचारलंयस. आधी सांग, प्लेट कसली होती? धनभारित पेप्टाइड साध्या पॉलिस्टायरीनला चिकटतं. मग जिवाणूंच्या वाट्याला कमी येतं आणि एमआयसी फुगतो. ९६ खळग्यांची (वेल) पॉलिप्रॉपिलीन प्लेट घे, नळ्या आणि टिपाही त्याच. पेप्टाइड ०.०१% ॲसेटिक आम्ल आणि ०.२% बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) असलेल्या पाण्यात दसपट तीव्रतेचं कर, दुपटी-दुपटीनं विरळ करत जा आणि १०० मायक्रोलिटर जिवाणूंत ११ मायक्रोलिटर घाल.

दुसरा संशय वजनावर. एचपीएलसीची (घटक वेगळे करून शुद्धता मोजणारी पद्धत) ९५% शुद्धता म्हणजे कुपीत ९५% पेप्टाइड नव्हे. शुद्धीकरणातून उरलेले टीएफएचे (ट्रायफ्लुरोॲसेटिक आम्ल) क्षार आणि पाणी वजा जाता निव्वळ पेप्टाइड बरेचदा ६० ते ८०% भरतं. तो आकडा पुरवठादाराकडून मागून घे. शिवाय पुण्यातला पावसाळा. फ्रीझरमधली कुपी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडलीस, तर पूड दमट होते आणि पुढचं प्रत्येक वजन चुकतं.

जिवाणूंचं मोजमाप मात्र कुणी मनावर घेत नाही. ०.५ मॅकफारलंड (द्रवाच्या गढूळपणाचं प्रमाण) म्हणजे मिलीलिटरला १० ते २० कोटी. वेलमध्ये हवेत मिलीलिटरला ५ लाख. पेप्टाइड नसलेल्या वेलमधून लावल्या लावल्या १० मायक्रोलिटर काढ, १० मिलीलिटर सलाइनमध्ये मिसळ, त्यातले १०० मायक्रोलिटर आगरवर पसरव. दुसऱ्या दिवशी ५०च्या आसपास वसाहती दिसायला हव्यात. दोनशे दिसल्या, म्हणजे जिवाणू चौपट पडले, तर तुझा ३२ तिथूनच आला असण्याची शक्यता आहे.

जिवाणू वाढवायच्या माध्यमाचं नाव नुसतं 'म्युलर-हिंटन' लिहू नकोस. कॅल्शियम-मॅग्नेशियम जिवाणूच्या बाह्य आवरणावरच्या त्याच जागांसाठी पेप्टाइडशी स्पर्धा करतात. लिटरला २० ते २५ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १० ते १२.५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम असलेलं माध्यम वापर. कमी आयनांच्या माध्यमात पेप्टाइड उगाच बहाद्दर दिसतं.

प्रत्येक प्लेटवर ई. कोलाय एटीसीसी २५९२२ (अमेरिकन जिवाणू-संग्रहातला प्रमाण वाण) आणि कोलिस्टिन सल्फेट या प्रतिजैविकाची एक ओळ पडताळणीला हवीच; तिचा एमआयसी ०.२५ ते २ च्या बाहेर गेला, तर त्या दिवशीची प्लेट टाकून दे. पुण्याच्या एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) एनसीआयएम या जिवाणू-संग्रहाकडून जिवाणू घेणार असशील, तर त्यांच्या सूचीत एटीसीसी क्रमांकाशी ताळा घाल.

एमआयसी जुळला तरी लगेच हुरळू नकोस. पेप्टाइड आपल्याच पेशी फोडत नाही ना, ते बघ: धुतलेल्या तांबड्या रक्तपेशींवर ३७ अंशांना तासभर पेप्टाइड ठेव, पेशी खाली बसवून वरचा द्रव ५४० नॅनोमीटरला वाच. ट्रायटन (पेशी फोडणारा साबणासारखा पदार्थ) १% म्हणजे पूर्ण फुटणं, पीबीएस (क्षारांचं निरुपद्रवी द्रावण) म्हणजे शून्य. तेवढ्यावरही थांबू नये असं माझं मत आहे. स्यूडोमोनास जिवाणूवरचं म्यूरेपाव्हॅडिन हे पेप्टाइड-औषध तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांपर्यंत गेलं आणि २०१९ मध्ये मूत्रपिंडाच्या इजेमुळे त्या थांबवाव्या लागल्या. तेव्हा मूत्रपिंडाच्या पेशींवरची चाचणी शेवटाला ढकलू नकोस. सीरम घालूनही एमआयसी काढ आणि पुढच्या मेलमध्ये दोन्ही आकडे शेजारी-शेजारी पाठव.