सर्व्हर नवा, संवाद जुना

प्रश्न : आमचं इचलकरंजीला करसल्लागाराचं ऑफिस आहे. १४ माणसं, एक उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हर, त्यावर साम्बा (लिनक्सवरच्या फायली विंडोजला वापरू देणारा प्रोग्रॅम), आणि सगळ्यांच्या फायली त्यातच. दर ९० दिवसांनी प्रत्येकाने पासवर्ड बदलायचा, असा साहेबांचा हुकूम. आधी विंडोजवरून पासवर्ड बदलला की लिनक्सचाही आपोआप बदलायचा. आमच्यातले तिघे एसएसएचनेही (दुरून थेट लिनक्समध्ये लॉगिन करून) आत येतात, त्यामुळे ते सोयीचं होतं. सर्व्हर उबंटूच्या १८.०४ आवृत्तीवरून २२.०४ वर नेला आणि तेव्हापासून कोणालाच पासवर्ड बदलता येत नाही, 'परवानगी नाही' असं येतं. मी रूट (सगळे अधिकार असलेला युजर) होऊन बदलला तर साम्बाचा बदलतो, लिनक्सचा जुनाच राहतो. सेटिंगची फाइल तर तीच आहे, त्यातली ओळ सोबत पाठवली आहे!

उत्तर : फाइल तीच आहे, तिथेच तर घोळ आहे.

'युनिक्स पासवर्ड सिंक' (साम्बाबरोबर लिनक्सचाही पासवर्ड बदलायचं सेटिंग) चालू असलं की साम्बा स्वतः रूट होऊन लिनक्सचा 'पासवर्ड' बदलायचा प्रोग्रॅम चालवतो आणि त्याच्याशी माणसासारखा बोलतो. समोरून काय विचारलं जाईल आणि आपण काय टाइप करायचं, हे 'पासडब्ल्यूडी चॅट' या ओळीत लिहिलेलं असतं. संगीत नाटकातला नट समोरच्याचं ठरलेलं वाक्य ऐकल्याशिवाय तोंड उघडत नाही, तसा साम्बा त्या शब्दांची वाट बघतो. तुमचा जुना सर्व्हर 'एंटर न्यू युनिक्स पासवर्ड' म्हणायचा, नवा नुसतं 'न्यू पासवर्ड' म्हणतो. तुम्ही पाठवलेल्या ओळीत 'एंटर' आहे. तो शब्द येत नाही, साम्बा दोन सेकंद थांबतो (डीफॉल्ट तेवढंच आहे) आणि नाद सोडतो. लिनक्सचा पासवर्ड बदलला नाही तर स्वतःचाही बदलायचा नाही, असं साम्बात मुद्दाम ठरवलेलं आहे. एकाच माणसाचे दोन पासवर्ड होण्यापेक्षा ते बरंच. विंडोजला मात्र यातलं काही कळत नाही, ते आपलं 'परवानगी नाही' म्हणून मोकळं होतं.

तेव्हा आधी एक खोटा युजर करा आणि रूटवरून त्याचा लिनक्स पासवर्ड हाताने बदला. स्क्रीनवर काय काय येतं ते कागदावर अक्षरन् अक्षर उतरवा. मग चॅटची ओळ नव्याने लिहा, पण घट्ट नको, सैल ठेवा : स्टार-न्यू-स्टार-पासवर्ड-स्टार, त्यापुढे टक्के-एन आणि बॅकस्लॅश-एन. (स्टार म्हणजे तिथे काहीही आलं तरी चालेल, टक्के-एन म्हणजे नवा पासवर्ड, बॅकस्लॅश-एन म्हणजे एंटरची कळ.) मग पुन्हा हेच, कारण 'रिटाइप न्यू पासवर्ड'मध्येही तेच दोन शब्द आहेत. शेवटी स्टार-अपडेटेड-स्टार. 'युनिक्स', 'एंटर' असले शब्द ओळीत ठेवलेत तर पुढच्या अपग्रेडला परत मला लिहाल. सेटिंगची फाइल तपासणाऱ्या 'टेस्टपार्म'वर भिस्त ठेवू नका. तो सेटिंगचं नाव चुकलं तर सांगेल, संवाद जुळतो की नाही ते सांगणार नाही.

आता रूटचं कोडं. रूट होऊन 'एसएमबीपासडब्ल्यूडी' (साम्बाचा पासवर्ड बदलायची कमांड) चालवलं की ते थेट साम्बाच्या पासवर्ड-डेटाबेसमध्ये लिहितं, चालू सर्व्हरला विचारतच नाही. मग सिंक होणार कुठून? त्या खोट्या युजरने लॉगिन करून तीच कमांड द्या, म्हणजे काम सर्व्हरमार्फत होईल आणि खरी परीक्षा होईल. तरीही अडलं तर 'पासडब्ल्यूडी चॅट डीबग' चालू करून लॉग लेव्हल (साम्बाने किती बारीक नोंदी ठेवायच्या ते) १०० करा. सगळं संभाषण लॉगमध्ये दिसेल, पण पासवर्डही तिथे उघडाच पडेल. म्हणून खऱ्या माणसाचा पासवर्ड त्या वेळी बदलू नका, आणि काम झालं की सेटिंग बंद करून तो लॉग पुसा.

९० दिवसांची मुदत 'पीडीबीएडिट'ने (साम्बाचे युजर सांभाळायची कमांड) लावता येते, 'मॅक्झिमम पासवर्ड एज' या नावाने. इथे माझी फजिती सांगतो. मी २२ वर्षं साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात काढली. ऐन गळीत हंगामात मी तिथे ९० हा आकडा टाकला आणि चहाला गेलो. तो आकडा सेकंदांत असतो. जे आधीच आत होते त्यांचं चाललं, पण पाळी बदलली आणि वजनकाट्यावरच्या नव्या कारकुनाला फोल्डर उघडेना. बाहेर उसाच्या ट्रॉल्या फाटकापर्यंत लागल्या, आणि ड्रायव्हरांनी माझा जो उद्धार केला तो छापण्याजोगा नाही. ९० दिवस म्हणजे ७७७६००० सेकंद. बदल केल्यावर एखाद्या युजरची माहिती 'पीडीबीएडिट'मध्ये सविस्तर काढा आणि 'पासवर्ड मस्ट चेंज'पुढची तारीख बघा, मगच चहाला जा.

साहेबांना एवढं जरूर सांगा, की अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ सालीच ठराविक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका असं म्हटलं, आणि मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये विंडोजच्या शिफारशींतून ही मुदत काढून टाकली. माझा अनुभवही तोच. आमच्या हिशेबनीसांचा पासवर्ड चैत्र१ होता, पुढे वैशाख१, मग ज्येष्ठ१. आषाढात काय असेल ते शिपायालाही ठाऊक होतं. लांबलचक पासवर्ड एकदाच द्या, आणि फुटल्याचा संशय आला किंवा कोणी नोकरी सोडली तर लगेच बदला. ऐकले नाहीत तर वरची मुदत आहेच.

आणि पासवर्ड बदलला की प्रत्येकाच्या विंडोजमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधूनही (विंडोज पासवर्ड साठवून ठेवतं ती जागा) जुना काढायला लावा. नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी झेड ड्राइव्ह (सर्व्हरवरचं फोल्डर) उघडणार नाही, आणि चौदाही फोन तुम्हालाच येतील.