माझे वर्ष मृगापासून सुरू होते

आपला प्रश्न असा आहे की, गेल्या वर्षभरात कुठे फिरलात, काय पाहिलेत, काय खाल्लेत, त्यातले खरोखर लक्षात काय राहिले, आणि पुढच्या वर्षी एखाद्याला असेच काही करायचे असेल तर सुरुवात कुठून करावी.

भटकंतीपुरते माझे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते मृगाला सुरू होते आणि रोहिणीला संपते. ज्या गोष्टींसाठी मी घराबाहेर पडते, त्या बहुतेक हंगामाच्या असतात, आणि हंगाम इंग्रजी महिन्यांना विचारून येत नाही. म्हणून २०२५च्या जूनपासून यंदाच्या मेपर्यंतचा हिशेब सांगते. या काळात एकच पथ्य पाळले: जी गोष्ट बाराही महिने आणि कुठेही मिळते तिच्यासाठी प्रवास करायचा नाही, आणि जी ठरावीक ठिकाणी, ठरावीक दिवसांतच मिळते ती दुसरीकडे, भलत्या वेळी चाखायची नाही. महाराष्ट्राबाहेर जाण्याची गरजच पडली नाही.

सुरुवात शेवळांनी झाली. पहिला पाऊस पडला की पालघर, ठाणे, रायगड या भागांत आदिवासी बाया जंगलातून ही रानभाजी खुडून आणतात आणि बाजाराच्या कडेला जुड्या लावून बसतात. तपकिरी-जांभळट कोंब दिसायला फारसे मोहक नसतात, आणि नीट निवडले नाहीत, आतला पिवळा भाग काढून टाकला नाही, तर घसा चांगलाच खाजतो. त्यावर उतारा म्हणजे काकडाची आंबट हिरवी फळे. ज्या बाईकडून जुडी घेतली तिने पैसे हातात घेण्याआधीच बजावले, "ताई, काकडं घेतल्याबिगर शेवळं नेऊ नका, घसा धरील." काकडाचा वाटा तिने शेजारीच मांडून ठेवलेला होता. सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, घालून केलेले शेवळाचे कालवण ज्यांनी खाल्ले आहे त्यांना पुढचे सांगायला नको. ज्यांनी खाल्लेले नाही त्यांच्या हाती ते खाण्यासाठी पावसाचे पहिले काही आठवडेच असतात.

जुलैत युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाखाली १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यांतले ११ महाराष्ट्रातले आणि जिंजी तमिळनाडूतला. बातमी वाचताच सिंधुदुर्गाला निघण्याची हुक्की आली, पण मालवणहून किल्ल्यावर नेणाऱ्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, म्हणून तो बेत हिवाळ्यावर ढकलला. ते बरेच झाले, कारण त्यामुळे किल्ला आणि जत्रा यांची सांगड बसली. किल्ल्याविषयी मी येथे लिहीत नाही. त्यावर भरपूर लिहिलेले आहे आणि माझ्याजवळ त्यात घालण्यासारखे काही नाही.

जत्रेविषयी मात्र लिहायलाच हवे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कार्तिकापासून गावोगावच्या देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि त्या रात्री देवळासमोर दशावतार होतो. नाटकाची लिखित संहिता नसते. कोणते आख्यान लावायचे ते त्या दिवशी ठरते, कोणी कोणते पात्र घ्यायचे आणि प्रसंग कोणत्या क्रमाने न्यायचे एवढे मंडळी बसून बोलून घेतात, आणि संवाद मात्र रंगमंचावर उभे राहूनच सुचायचे असतात. हे मला ऐकून माहीत होते, तरी प्रत्यक्ष पाहिल्यावर विश्वास बसायला वेळ लागला, कारण राजा आणि ऋषी यांच्यातला शापाचा वाद अर्धा तास चालला, भाषा शुद्ध आणि संस्कृतप्रचुर, आणि दोघांपैकी एकालाही शब्दासाठी अडखळताना पाहिले नाही.

देवळाच्या पडवीत रंगपट होता. पेटाऱ्यावर बसून, गुडघ्यांत लहानसा आरसा धरून, एक चाळिशीचा गृहस्थ स्वतःच स्वतःच्या भुवया रेखत होता. त्याचे बळकट, भेगाळलेले हात आणि चेहऱ्यावर हळूहळू उमटत जाणारी राणी यांचा मेळ काही केल्या बसेना. पुढे रंगमंचावर ही राणी विलाप करू लागली, तेव्हा माझ्या शेजारी गोधडी पांघरून बसलेल्या आजी कौतुकाने म्हणाल्या, "गो बाय, ती राणी सकाळी आमच्या माडार चडान नारळ पाडता." आणि पुढच्याच क्षणी त्याच राणीच्या दुःखाने त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

आख्यानाआधीचा भाग, म्हणजे आडदशावतार, हल्ली शहरातल्या प्रयोगांत बराच आवरता घेतात. तिथे तो रीतीप्रमाणे झाला: रिद्धी-सिद्धींसह गणपती आला, सरस्वती आली, ब्रह्मदेव आला, आणि मग काळ्या वेषातला संकासुर वेद पळवून मालवणीत गावकऱ्यांची फिरकी घेत सुटला. पायपेटी, मृदंग आणि झांज एवढीच साथ. मध्येच उठून जत्रेतला गूळ-आल्याचा खाजा आणला. आल्याचा झणका असा की झोप उडवायला चहाची गरज राहिली नाही. पहाटे दहीकाला होऊन जत्रा आटोपली. हाच दशावतार मी पूर्वी बंदिस्त नाट्यगृहात, दोन तासांत बसवलेला पाहिला होता. कलाकार तेव्हाही उत्तम होते, पण प्रेक्षकांतल्या कोणालाही राणी कोणाच्या माडावर चढते हे ठाऊक नव्हते.

डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव ऐकला. आर्य संगीत प्रसारक मंडळाने १९५३ साली भीमसेन जोशींचे गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मृत्यर्थ सुरू केलेला हा महोत्सव पूर्वी रात्र रात्र चाले. आता ध्वनिवर्धकाच्या नियमांमुळे रात्री दहाला थांबावे लागते, एखाद्या दिवशी बारापर्यंत परवानगी मिळते. नियमामागचे कारण मला मान्य आहे, तरी उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळेला ऐकण्याची सोय त्यात गेली, याची चुटपुट लागतेच. गाणे चांगले झाले. मात्र खरे सांगायचे तर, कोकणातल्या त्या जागरणानंतर दहाच्या ठोक्याला खुर्च्या सोडून उठणे मला जड गेले.

जानेवारीत खानदेशात गेले, ते केवळ भरितासाठी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. मोठे, फिकट हिरवे, पांढुरक्या रेषांचे हे वांगे थंडीत ऐन भरात असते. एका स्नेह्यांच्या शेतावर कपाशीची वेचणी आटोपली होती आणि तिच्याच वाळलेल्या काड्यांचा जाळ करून त्यात वांगी सोडली होती. काडी भरभर पेटते आणि भरभर विझते, त्यामुळे वांगे बाहेरून कोळपते, आत मात्र रसरशीत राहते आणि धुराचा वास गरात मुरतो. साल काढून गर लाकडी भांड्यात मुसळीने ठेचला. हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचून तेलात परतले, त्यात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात आणि कोथिंबीर पडली. हळद नाही, तिखटाची पूड नाही, मसाला तर नाहीच. सोबत उडीद आणि ज्वारीच्या पिठाची कळण्याची भाकरी. मी कृती वहीत उतरवून घेत होते, ते पाहून घरच्या काकू हसून म्हणाल्या, "लिहा, लिहा. पण गॅसवर भाजाल तर आमचं नाव सांगू नका." मी तो प्रयोग अद्याप केलेला नाही.

याच पथ्याने फेब्रुवारीत पूर्व विदर्भ गाठला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा झाडीपट्टीचा मुलूख; धान घरात आले की दिवाळीपासून होळीपर्यंत तिथे गावोगाव रात्रभराची नाटके होतात आणि देसाईगंज म्हणजेच वडसा हे नाटक मंडळींचे मुख्य ठाणे आहे. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाल्यानंतर बाहेरच्या महाराष्ट्राचे तिकडे थोडे लक्ष गेले. नाटक मला भडक वाटले, रडणे आणि गाणी दोन्ही गरजेपेक्षा जास्त होती. पण मंडपातली माणसे पाहावीत अशी होती: माहेरवाशिणी पोराबाळांसह नाटकासाठी म्हणून आलेल्या, घराघरांत पाहुण्यांच्या पंगती, आणि माझ्यासारख्या परक्या बाईलाही "नाटकाले आल्या का?" म्हणून जेवायला बसवणारे यजमान.

मे महिन्यात रत्नागिरीजवळ आमसुले करताना पाहिली. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, साली मीठ घातलेल्या त्याच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवायच्या, त्यामुळे वळवाचा पाऊस आला की सगळ्या घराची धावपळ. वर्षाची नोंद वहीत तिथे संपली.

जे लक्षात राहिले नाही तेही सांगायला हवे. हमरस्त्यांवर 'अस्सल गावरान' असे लिहिलेल्या पाट्या पाहून जे जे खाल्ले त्यातले काहीच आठवत नाही. मालवण असो वा खानदेश, रश्श्याची चव एकच होती.

पुढच्या वर्षासाठी आपण विचारले आहे, तर आधी ठिकाण ठरवू नका, तिथी ठरवा. कोकणातल्या बहुतेक जत्रांच्या तिथी ठरलेल्या असतात, त्यामुळे नव्या पंचांगावरून इंग्रजी तारीख काढून ठेवता येते. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा मात्र याला अपवाद आहे; तिची तारीख पंचांगात सापडत नाही, देवीचा कौल घेऊन ग्रामस्थ ती ठरवतात आणि मग जाहीर होते. तारीख फुटली की कोकण रेल्वेचे आरक्षण पाहता पाहता भरते. गाडी मिळाली नाही तरी हिरमुसू नका, त्या दिवसांत एसटी जादा गाड्या सोडते, आणि आपण महिला असाल तर मार्च २०२३पासून एसटीला अर्धेच तिकीट पडते. गोधडी मात्र घरून न्या; पहाटे देवळाच्या अंगणात चांगलाच गारवा असतो.