एका रिंगचा मिस्ड कॉल

प्रश्न : पहाटे तीनला आईच्या मोबाईलवर +232 ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून एकच रिंग आली. माझा भाऊ दुबईत असल्याने आई उलट फोन करू म्हणते. करू द्यावा का?

उत्तर : मुळीच नाही. दुबईच्या कॉलआधी 971 दिसतो. 232 हा आफ्रिकेतील सिएरा लिओनचा संकेतांक आहे. जपानी भाषेत 'वानगिरी', म्हणजे एकदा वाजवून तोडणे, असे नाव असलेल्या या फसवणुकीत उलट केलेला फोन चढ्या दराच्या क्रमांकाला लागतो, पलीकडून गाणे किंवा नुसतीच रिंग ऐकवून आपल्याला ताटकळत ठेवले जाते आणि वाढत्या बिलातला वाटा ठकसेनांना मिळतो. आईंची काळजी स्वाभाविकच आहे. भावाच्या जतन केलेल्या क्रमांकावरच फोन लावून द्यावा. आलेला क्रमांक ब्लॉक करून केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावरील 'चक्षू' सुविधेत कळवावा.