वाचकांचे प्रश्न : स्कापा फ्लोच्या तळाशी असलेल्या युद्धनौका

प्रश्न : मी तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर अभ्यासक्रम पूर्ण केला असून सध्या नोकरीनिमित्त स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीन येथे राहतो. येत्या उन्हाळ्यात ऑर्कनी बेटांमधील स्कापा फ्लो या खाडीत बुडालेल्या जर्मन युद्धनौका पाहण्याची इच्छा आहे. माझे प्रशिक्षण पुरेसे ठरेल का?

उत्तर : नाही. आपल्या प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर आहे, आणि ‘मार्कग्राफ’सारख्या मोठ्या युद्धनौका जवळपास ४५ मीटर खोल तळावर उलट्या पडलेल्या आहेत.

खोलीइतकाच प्रश्न थंडीचा आहे. तेथे ऐन उन्हाळ्यातही पाणी १२-१३ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, त्यामुळे कोकणात चालून जाणारा पातळ वेटसूट निरुपयोगी ठरतो आणि अंगाला पाणी लागू न देणारा ड्रायसूट घालावा लागतो. या सूटमध्ये खाली जाताना हवा भरावी लागते, आणि वर येताना प्रसरण पावणारी ती हवा वेळेवर सोडली नाही, तर पाणबुड्या ताबा सुटून वेगाने वर फेकला जातो. हे कौशल्य पुस्तकातून येत नाही. आधी उथळ पाण्यात ड्रायसूटचे स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे. रेग्युलेटरही (टाकीतील हवेचा दाब कमी करून ती श्वासासाठी देणारे उपकरण) थंड पाण्यासाठी बनवलेलाच हवा, कारण दाब उतरताना हवा आणखी गार होऊन आतले भाग गोठू शकतात आणि हवेचा झोत अखंड वाहू लागतो.

त्यानंतर खोल पाण्याचा आणि नायट्रॉक्सचा (जादा ऑक्सिजन असलेल्या हवेचा) अभ्यासक्रम करून, कुशीवर पडलेल्या ‘कार्ल्सरूह’ या हलक्या क्रूझरपासून (मध्यम आकाराच्या युद्धनौकेपासून) आरंभ करावा. तेथील तळ सुमारे २५ मीटरवर आहे.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मन आरमाराची ७४ जहाजे येथे नजरकैदेत होती. २१ जून १९१९ रोजी त्यांचे प्रमुख ॲडमिरल फॉन रॉयटर यांच्या आदेशावरून त्यांपैकी ५२ जहाजे त्यांवरच्याच खलाशांनी बुडवली. बहुतेक पुढे भंगारासाठी वर काढली गेली. तळाशी राहिलेल्या सात मोठ्या जहाजांवरही मौल्यवान धातूंसाठी सुरुंगस्फोट झाले, त्यामुळे आधीच गंजलेले पत्रे अधिकच खिळखिळे झाले आहेत. प्रशिक्षण, परतीची वाट दाखवणारा दोर आणि दुसरा दिवा नसताना जहाजाच्या आत शिरण्याचा मोह टाळावा, मग सोबतचा मार्गदर्शक कितीही आग्रह करो.

ही सातही जहाजे २००१ पासून संरक्षित स्मारके असल्याने तेथील वस्तू उचलणे गुन्हा आहे. १९३९ मध्ये आठशेहून अधिक खलाशांसह बुडालेली ब्रिटिश युद्धनौका ‘रॉयल ओक’ याच खाडीत आहे. ती युद्धसमाधी असल्यामुळे हौशी पाणबुड्यांना तेथे उतरण्यास मनाई आहे.