सातबाऱ्याच्या रकान्यांतून आठवणारे आमचे बाबा

नव्वदी पार केलेल्या आजोबांच्या आठवणी लिहून ठेवायला बसले की सगळे प्रसंग एकमेकांत मिसळतात, मग एवढे मोठे आयुष्य कोणत्या धाग्याने ओवावे, असे आपण विचारले आहे. आमच्या घरी तो धागा जमिनीच्या कागदांनी दिला, म्हणून त्याविषयीच लिहितो.

आमच्या आजोबांना सगळे घर ‘बाबा’ म्हणत असे. नवी मुंबई हे नाव कोणी ऐकलेही नव्हते तेव्हा ते बेलापूर पट्टीतल्या एका खाडीकाठच्या आगरी गावात जन्मले आणि शहाण्णवाव्या वर्षी त्याच गावठाणातल्या घरात गेले. शाळेच्या दाखल्यावर त्यांची जन्मतारीख १ जून आहे, म्हणजे त्या काळी मास्तर प्रवेश घेणाऱ्या कित्येक मुलांना देऊन टाकत तीच. आजीच्या सांगण्याप्रमाणे त्यांचा जन्म भात कापणीच्या दिवसांतला. अशा माणसाचे आयुष्य तारखांवर उभे राहत नाही. त्यांच्या पत्र्याच्या पेटीतले सातबारे आणि फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी, मात्र ओळीने लावल्या की बाबा कधी कोण होते, हे स्पष्ट दिसत जाते.

सर्वांत जुन्या उताऱ्यावर बाबांच्या वडिलांचे नाव इतर हक्कांच्या रकान्यात, कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा म्हणून आहे. कब्जेदार, म्हणजे जमिनीचे मालक, गावाबाहेरचे होते. पावसाळ्यात खारीत, म्हणजे खाडीलगतच्या बांध घातलेल्या शेतात भात, उघडीप झाली की मिठागरावर मजुरी, आणि पिकातला ठरलेला खंड मालकाच्या घरी पोहोचवणे, असे ते वर्ष असे. या शेतीचा जीव बांधात होता. भरतीचे पाणी बाहेर राहावे, पावसाने जमिनीतला खार धुऊन निघावा आणि ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, ते पाणी खाडीत जावे, एवढ्यावर राता हे खार सोसणारे भात पिके. बांधाला खांड पडून खारे पाणी आत आले, तर पुढची दोन-तीन वर्षे तिथे धड पीक येत नसे.

म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला रात्री कंदील घेऊन बांधावर फिरायचे काम लहानपणीच बाबांकडे आले. त्यांनी ते मला हाताने करून दाखवले होते, तेव्हा ते ऐंशीच्या पुढे होते आणि आम्ही खाडीकडेला उरलेल्या एका जुन्या बांधाच्या तुकड्यावर उभे होतो. ते अनवाणी चालत आणि टाच दाबत दाबत पुढे सरकत. जिथे माती किंचित आत जाई तिथे थांबत, बसून बोटाने चिंबोरीचे बीळ शोधत, आणि आतल्या अंगाने चिखलाचा गोळा कोपरापर्यंत हात घालून ठासत. बीळ बाहेरून बुजवले तर लाट तो गोळा घेऊन जाते, हे त्यांनी मला दोनदा सांगितले. ज्या बांधाच्या आत आता भाताचे एक रोपही नव्हते, त्याचे ते बीळ त्यांनी पूर्ण बुजवले, मगच आम्ही घरी निघालो.

१९४८च्या कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणारे कूळ जमिनीचे मालक झाले. बाबांनी हप्त्याहप्त्याने किंमत भरली आणि कायद्याच्या कलम ३२ मचा, म्हणजे जमीन खरेदी पूर्ण झाल्याचा दाखला मिळवला. त्यानंतरच्या उताऱ्यावर त्यांचे नाव इतर हक्कांतून उचलून कब्जेदाराच्या रकान्यात आले आहे. तो उतारा त्यांनी स्वतंत्र कापडात बांधून ठेवला होता. सही करता येणाऱ्या, पण वाचायला वेळ घेणाऱ्या त्या माणसाला ती एक ओळ पाठ होती.

शेवटचा हप्ता फिटून फार दिवस झाले नव्हते, तोच १९७० साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको या शासकीय महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित करायचे ठरले. पुढच्या उताऱ्यात त्यांचे नाव नाही. कूळ, मालक आणि प्रकल्पग्रस्त हे तिन्ही शब्द एका माणसाला, तो एकाच घरात राहत असताना लागले. शहराची योजना कितीही दूरदृष्टीची असली, तरी याचा हिशेब मोबदल्याच्या रकमेत बसत नाही, असे माझे ठाम मत आहे. प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यात बाबा पहिल्यापासून होते. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात आंदोलकांवर झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्या पाचांची नावे बाबा दर जानेवारीत देवासमोर दिवा लावून घेत. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याच्या योजनेतला भूखंड पुढे मिळाला, भावकीत वाटला गेला, त्यावर इमारत उभी राहिली. त्याविषयी ते फारसे बोलत नसत.

अखेरच्या वर्षांत काकांच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी नेले, तर तिथूनही ते पाण्याची वेळ सांगत. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास येतो, हा त्यांचा हिशेब. “आज अष्टमी हाय, पानी सहाला भरंल,” असे ते म्हणत, आणि ज्याला खाडीवर जायचे नव्हते त्यालाही ते सांगून ठेवत.

आपले आजोबा अजून बोलत असतील, तर जुने सातबारे आणि फेरफार आधी मिळवा. ठाणे जिल्ह्यातले कित्येक जुने अभिलेख आता ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर स्कॅन केलेले सापडतात, आणि तिथे नसतील तर तलाठी किंवा तहसील कार्यालयात अर्ज करता येतो. मग एकेक फेरफार त्यांच्यासमोर मोठ्याने वाचा आणि त्या शेताला घरात काय म्हणत असत ते विचारा. बाबांनी आम्हाला अशी प्रत्येक तुकड्याची नावे सांगितली, कोणत्या तुकड्यात कोणाच्या लग्नाचे भात पिकले तेही सांगितले. ती सर्व माझ्या आत्याने गट नंबरांसमोर वहीत लिहून घेतली आहेत.