लिंबाची पानं पिवळी पडतायत, कुठलं खत घालू?

आधी कुठली पानं पिवळी आहेत ते बघा. खालची, जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र (नायट्रोजन) कमी पडतंय. शेंड्याची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्यागार, असं असेल तर लोह किंवा जस्ताची कमतरता. तिथे युरिया ओतून काही होत नाही, त्यात नत्रच असतं. बऱ्याचदा हे घटक मातीत असतातही, पण माती चुनखडीची किंवा सतत ओली असली की मुळांना ते उचलता येत नाहीत. त्यामुळे माती ओलीगच्च असेल तर आधी पाणी कमी करा, मग चिलेटेड (झाडाला सहज शोषता येतील अशा रूपातली) लोह-जस्तासारखी सूक्ष्म अन्नद्रव्यं फवारा.

लिंबू-संत्र्याची भूक मोठी, पण सगळं खत एकदम वाढू नका. नवी पालवी फुटायच्या सुमारास सुरू करून थोडंथोडं देत राहा. खत खोडाशी नको, फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथे खाली गोल पसरा आणि लगेच पाणी द्या. कोरड्या मातीत रासायनिक खत पडलं तर मुळं करपतात. कुंडीत मात्रा कमी, पण वरचेवर. शेणखत पूर्ण कुजलेलंच.

आंबा-पेरूला मुख्य खत फळं उतरवल्यावर. झाड नुसतंच पालेदार, फूल नाही, असं झालं तर नत्र थांबवा.