स्कॅन केलेली पीडीएफ वाचायचीय? आधी एवढंच करा

अहो, पीडीएफ उघडल्यावर एनव्हीडीए (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा आपला स्क्रीन रीडर) गप्प बसतो म्हणजे तुमचं काही चुकलं नाही, त्या फाईलमध्ये अक्षरं नाहीतच, नुसते फोटो आहेत. विंडोज १० किंवा ११ असेल तर वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही, फाईलवर फोकस ठेवून एनव्हीडीए की (बहुधा इन्सर्ट) आणि आर एकत्र दाबा, मजकूर येईल, बाण दाबत वाचा, एस्केपने बाहेर या.

सुरुवातीला सगळे इथेच अडकतात:

- स्क्रीन कर्टन, म्हणजे स्क्रीन काळी करणारी एनव्हीडीएची सोय, चालू राहतो. तो बंद करा, नाहीतर ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणं, होतच नाही.
- विंडो छोटी असते. मॅक्सिमाइज करा, कारण स्क्रीनवर जेवढं दिसतंय तेवढंच वाचलं जातं, अख्खी फाईल नाही.
- फोकस भलत्याच बटणावर असतो आणि मग दोनच शब्द ऐकू येतात.

आता मराठीचं. विंडोजच्या ओसीआरला देवनागरी येत नाही, कचरा ऐकवतो, त्यात वेळ घालवू नका. फाईल गूगल ड्राइव्हवर टाका आणि गूगल डॉक्समध्ये उघडा, मराठी बऱ्यापैकी नीट येतं. काही जुन्या सरकारी पीडीएफ श्रीलिपीसारख्या फॉन्टमधल्या असतात, त्यात अक्षरं असूनही स्क्रीन रीडर भलतंच बरळतो, अशा पानांचे आधी स्क्रीनशॉट काढा आणि मग ड्राइव्हवर टाका.

आणि खाते नंबर, रक्कम, तारीख मात्र कुणा डोळस माणसाकडून एकदा तपासूनच घ्या, ३ चा ८ सहज होतो. टेसेरॅक्ट वगैरे ओसीआरचे वेगळे प्रोग्रॅम नंतर बघू, आधी एखादं साधं इंग्रजी पत्र वाचून बघा.